गुणगौरवानंतर चार वर्षांनी

(निगडीत झालेल्या तरुणांच्या बैठकीतलं भाषण, थोडं संपादित करून)



आधी एक काम करा. दहावी-बारावीनंतर ज्यांचा कुठेतरी गुणगौरव झालाय, शाल, ट्रॉफी, डिक्शनरी, काहीही मिळालंय, त्यांनी हात वर करा. बघा, निम्मा हॉल. आता पदवी मिळाल्यावर ज्यांचा सत्कार झाला त्यांनी करा. दोन. आणि त्यातला एक जण म्हणतोय, तो लग्नातला सत्कार होता.

हसलात ते बरं झालं, कारण पुढचं तेवढं हसण्यासारखं नाही. आपण समाज म्हणून दरवाज्यातून आत जाणारी मुलं मोजतो. दुसऱ्या दरवाज्यातून किती बाहेर पडली, हे आपल्याकडे कुणालाच माहीत नसतं. मधल्या चार वर्षांत काही मुलं कुठे जातात, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

एका मित्राची गोष्ट सांगतो, त्याला विचारूनच सांगतोय. आम्ही पुणे विद्यापीठाच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगला होतो. तेव्हा सावित्रीबाईंचं नाव विद्यापीठाला मिळालं नव्हतं. मी बारावीनंतर आलो होतो, तो डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला. वर्कशॉपमध्ये त्याचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला. पण दुसऱ्या वर्षाला एम-थ्री नावाचा गणिताचा पेपर असतो. इथे इंजिनिअरिंगवाले बसलेत, त्यांचे चेहरे बघा. आम्ही एम-वन, एम-टू करून त्या पेपरापर्यंत पोचलो होतो, तरी मला तो एकदा राहिलाच. डिप्लोमाहून आलेल्या मुलाला तर तो मधूनच सुरू झालेल्या सिनेमासारखा वाटतो. त्याचा तो राहिला. एटीकेटीवर तो तिसऱ्या वर्षात आला. तिसऱ्या वर्षाचे पेपर त्याने काढले, एम-थ्री पुन्हा राहिला. नियम असा की दुसऱ्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय चौथ्या वर्षाला बसता येत नाही. त्याला वायडी लागली, इयर डाऊन.

आता हिशेब करा. तीन वर्षांचा डिप्लोमा झालेला, डिग्रीची दोन वर्षं झालेली, राहिला एक पेपर आणि एक वर्ष. घरी बसून काय करायचं, म्हणून तो चाकणला एका कंपनीत ठेकेदारामार्फत ट्रेनी लागला. सहा महिन्यांसाठी, असं म्हणाला होता. पहिला पगार अम्मीच्या हातात दिला. नंतर शिफ्ट बदलत गेल्या, परीक्षेच्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, पुढच्या वेळी फॉर्मची तारीख गेली. त्याला कॉलेजने काढलं नाही, घरच्यांनी थांबवलं नाही. तो कधी शिक्षण सोडायचं ठरवूनही बसला नाही.

यातली मला बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. माझ्याकडे त्याचा नंबर होता. आम्ही एकाच बाकावर बसायचो. तो येईनासा झाला तेव्हा मी एकदाही फोन केला नाही. मला वाटलं, त्याला लाज वाटत असेल, कशाला विचारा. त्याला वाटलं, यांना माझी गरज नाही. हे आम्ही एकमेकांना सांगितलं ते दहा वर्षांनी, एका वलीम्याच्या जेवणात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादा ग्राहक आठवडाभर ॲपमध्ये आला नाही तर सिस्टीम सूचना देते. कुणीतरी त्याला मेल करतं, फोन करतं, काय अडलं विचारतं. दोन-तीनशे रुपयांच्या वर्गणीसाठी एवढी यंत्रणा. आणि एक मुलगा महिनाभर वर्गात आला नाही, तर हजेरीच्या वहीत एक लाल रेघ. सत्राच्या शेवटी नोटीस बोर्डावर नावांची यादी.

अमेरिकेत कॉलेजांना पदवीचा दर जाहीर करावा लागतो, तसा 1990 चा कायदा आहे. चार वर्षांच्या पदवीसाठी प्रवेश घेतलेल्यांपैकी सहा वर्षांत किती जण बाहेर पडले, हा आकडा विद्यार्थी प्रवेशाआधी बघू शकतो. तिथली छोटी विद्यापीठं तर या आकड्यावर जगतात-मरतात, कारण शंभर मुलं गळाली की त्यांची फी गळाली. अटलांटाचं जॉर्जिया स्टेट विद्यापीठ छोटं नाही, पण त्याचं उदाहरण आपल्या कामाचं आहे. 2003 च्या सुमाराला तिथे सहा वर्षांत पदवी घेणारे 32 टक्के होते. पुढच्या पंधरा वर्षांच्या आत ते 50 टक्क्यांच्या वर गेले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, प्रत्येक विद्यार्थ्याच्या नोंदींवर रोज नजर ठेवणारी व्यवस्था. एखाद्या पायाभूत विषयात घसरण दिसली की सल्लागाराने बोलवायचंच. दुसरी मला जास्त आवडते. त्यांच्या लक्षात आलं की बरीच मुलं नापास होऊन नाही, तर काहीशे डॉलरची बाकी राहिली म्हणून नावं कमी होऊन जात होती. विद्यापीठाने 2011 पासून ती बाकी स्वतःच भरायला सुरुवात केली. काळ्या आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या पदवीच्या दरातली दरी तिथे जवळजवळ मिटली. हुशार मुलं वेचून आणली म्हणून हे झालं नाही. आलेल्यांना जाऊ दिलं नाही, म्हणून झालं.

आपल्याकडे आकडे नाहीतच असं नाही. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारं प्रत्येक कॉलेज आपल्या संकेतस्थळावर एक तक्ता टाकतं. पहिल्या वर्षाला किती आले, थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, ठरलेल्या किमान मुदतीत किती पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली. समजा, पहिल्या वर्षाला 60 आले, थेट दुसऱ्याला 10, आणि वेळेत बाहेर पडले 42. म्हणजे शंभरात साठ. ॲडमिशनच्या मोसमात आपण कॅन्टीन बघतो, पॅकेजची जाहिरात बघतो, हा तक्ता बघत नाही. धाकट्या भावाबहिणीसाठी आज रात्री दोन कॉलेजांचे तक्ते उघडून शेजारी ठेवा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

पण त्या रकान्यात समाजाची फोड नसते. भाषेची नसते, डिप्लोमा की बारावी याचीही नसते. त्यामुळे 42 मध्ये आपली किती आणि उरलेल्या 28 मध्ये किती, हे तो तक्ता सांगत नाही. सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितलं होतं की नामांकित कॉलेजांत पदवीच्या 25 विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम आहे आणि पदव्युत्तरला 50 मागे एक. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार 2019-20 मध्ये देशात सुमारे 21 लाख मुस्लिम विद्यार्थी होते, 2020-21 मध्ये ते सुमारे 19.2 लाखांवर आले. त्याच वर्षी देशातली एकूण संख्या वाढली. कोविडचं वर्ष होतं, मान्य. पण बाकीच्यांनाही कोविड होताच. पुढच्या वर्षी आकडा पुन्हा 21 लाखांच्या पुढे गेला आणि चर्चा संपली. जे मधल्या वर्षी गेले तेच परत आले की नवीन आले, हे कुणी विचारलं नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. आपला औद्योगिक पट्टा ही अल्लाहची मेहेरबानी आहे, पण तो अर्ध्यातून उठवणाराही आहे. बीडच्या किंवा परभणीच्या मुलाला कॉलेज सोडलं तर काय, हा प्रश्न पडतो. निगडीच्या, चिखलीच्या मुलाला पडत नाही. भोसरीला जा, चाकणला जा, दुसऱ्या दिवशी गेटवर उभं राहता येतं. बावीस वर्षांच्या पोराला घरात येणारे पंधरा हजार दिसतात. पस्तिसाव्या वर्षी ठेकेदार बदलून आपण परत ट्रेनी, हे दिसत नाही. माझा मित्र आज उत्तम काम करतो, लाईनवर नवीन आलेल्या डिग्रीवाल्या इंजिनिअरांना मशीन तोच शिकवतो. सहा महिन्यांनी ते त्याचे साहेब होतात.

घराची परिस्थिती हलली तर मूल टिकत नाही, हेही खरं. फेब्रुवारी 2025 मध्ये कुदळवाडीतली गोदामं आणि शेड महापालिकेने पाडली. त्यावर मतं काहीही असोत, ज्या घराचा धंदा एका आठवड्यात गेला, त्या घरातल्या कॉलेजच्या मुलाची पुढची फी कोण भरणार होतं? आणि महाडीबीटीची शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली म्हणजे संपलं, असं समजू नका. दरवर्षी रिन्यूअलचा अर्ज भरावा लागतो. तो राहिला म्हणून फी अंगावर पडलेली मुलं मी पाहिली आहेत.

भाषेचंही बोलू. 2021 मध्ये याच निगडीतल्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी मराठीतून शिकवण्याची परवानगी एआयसीटीईने दिली. जागा 60. काही लोक हसले, मराठीतून कोडिंग कसं करणार म्हणून. कोड कुठल्याच माणसाच्या भाषेत नसतो, पण शिक्षकाला शंका विचारायची ती कुठल्यातरी भाषेतच. पहिल्या सत्रात मराठी किंवा उर्दू माध्यमाचं मूल शेवटच्या बाकावर जातं, ते विषय अवघड असतो म्हणून नाही, तोंड उघडायची भीती असते म्हणून. त्या वर्गात किती जणांनी प्रवेश घेतला यापेक्षा किती जणांनी तो पुरा केला, याची मला उत्सुकता आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे, आणि क्रेडिट सात वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. परत यायचं असेल त्याला ही चांगली सोय आहे. पण परत आणणारं कुणी नसेल तर ते गळतीला दिलेलं गोड नाव आहे.

मुलींची गळती वेगळ्या रस्त्याने होते. त्या एम-थ्रीत अडकत नाहीत. त्या अडकतात शेवटच्या वर्षाच्या मंगनीत. 'लग्नानंतर पूर्ण करेल की' हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. निकाहनाम्यात शर्ती घालता येतात. शिक्षण पूर्ण करू दिलं जाईल, ही शर्त लिहून घ्या म्हणून भावांनी आग्रह धरावा. मेहेरच्या रकमेवर आपण तासभर बोलतो, यावर पाच मिनिटं बोलू.

मग करायचं काय? सरकारने काय करावं, याची यादी माझ्याकडे आहे, पण ती इथे वाचून सरकारला ऐकू जाणार नाही. आपल्या हातातलं सांगतो. जकात. आपण ती रमजानमध्ये काढतो आणि रमजानमध्येच वाटून मोकळे होतो. कॉलेजची फी आणि परीक्षेचे फॉर्म रमजान बघून येत नाहीत. त्यातला थोडा भाग नियमात बसवून, जाणकारांना विचारून, अडलेल्या विद्यार्थ्यासाठी बाजूला ठेवता येईल का? कुरआनात जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, त्यात गरीब आहेत आणि कर्जात अडकलेलेही आहेत. परीक्षेच्या फॉर्मचे दोन-तीन हजार रुपये ऑक्टोबरच्या त्या आठवड्यात मिळाले, तर त्यांची किंमत लाखाची असते. नोव्हेंबरमध्ये मिळाले तर ते फक्त दोन-तीन हजार असतात.

आणि दुसरं त्याहून स्वस्त आहे. वायडी लागलेल्या मुलाला लपवू नका. आपल्याकडे नापास झालेलं पोर घरात पाहुणे आले की आतल्या खोलीत जातं. या हॉलमध्ये ज्यांना ज्यांना वायडी लागली आणि तरी ज्यांनी पदवी काढली, त्यांनी नंतर मला भेटा. आठवड्यातून एक संध्याकाळ गणित शिकवायला मला दोघं हवेत, आणि त्यांना तो पेपर एकदा तरी राहिलेला असला पाहिजे.

तिकडे चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. आपल्या ओळखीतलं जे कुणी यंदा पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला विचारून त्याचं नाव लिहा, कुठला विषय राहिलाय ते लिहा, आणि शेवटच्या रकान्यात, महिन्यातून एकदा त्याला फोन कोण करणार, त्याचं नाव. तो रकाना रिकामा ठेवून जाऊ नका. पहिली ओळ भरलेली आहे. माझ्या त्या मित्राचा पुतण्या यंदा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला लागलाय. फोन मी करणार आहे.