जुन्या कार्डांचा छंद

श्रोतेहो, छंदांच्या जगातही उच्चनीचभाव आहे. जुनी नाणी जमवणाऱ्याला आपण इतिहासप्रेमी म्हणतो, पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्या मुलाचे शाळेत कौतुक होते, आणि जुन्या पोथ्या राखणाऱ्याच्या घरी तर विद्वान मंडळी वाट वाकडी करून जातात. परंतु चिंगमच्या पुडीबरोबर मिळालेली खेळाडूंची चित्रे एखाद्या वयस्क गृहस्थाने पन्नास वर्षे सांभाळून ठेवली आहेत असे कळले, तर आपण त्यांच्याकडे काहीशा दयेने पाहतो. नाणे राजाने पाडलेले असते, तिकीट सरकारने काढलेले असते. हे कार्ड मात्र कुणा मिठाईवाल्याने आपला माल खपावा म्हणून छापलेले. त्याला इतिहास कसला आणि प्रतिष्ठा कसली? छंदांच्या पंगतीत अगदी शेवटच्या पाटावर बसवलेल्या या छंदाविषयी, आणि त्यातही बास्केटबॉलच्या खेळाडूंच्या जुन्या कार्डांविषयी, मी आज बोलणार आहे. फेकून देण्यासाठी निर्माण झालेली वस्तू जपण्याजोगी केव्हा होते, आणि तिला तसे कोण करते, एवढाच माझा प्रश्न आहे.

या कार्डांचा जन्म तंबाखूच्या व्यापारात झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटी मऊ कागदाच्या पाकिटांतून विकल्या जात. त्या मोडू नयेत म्हणून पाकिटात जाड कागदाचा एक तुकडा घालत. तो कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक पुढचे पाकीटही आपलेच घेईल, हे व्यापाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले. इंग्लंडातील विल्स कंपनीने १८९६ साली ५० क्रिकेटपटूंची मालिका काढली. आपल्या रणजितसिंहजींची छबीही अशाच कार्डांवरून इंग्लंडात घरोघर पोचली. पुढे चित्रांचे खरे वेड मुलांना आहे हे ओळखून चिंगमच्या कारखानदारांनी ही युक्ती उचलली, आणि बापाच्या खिशातले कार्ड मुलाच्या खिशात आले.

अमेरिकेत हा मान प्रथम बेसबॉलला मिळाला. बास्केटबॉल हा खेळ १८९१ सालचा. परंतु कार्डांच्या बाबतीत त्याला फार काळ सावत्र वागणूक मिळाली. बोमन कंपनीने १९४८ साली त्याची ७२ कार्डांची मालिका काढली. तीत चष्मा घालून खेळणारा, ६ फूट १० इंच उंचीचा जॉर्ज मायकन होता. मग नऊ वर्षे शांतता. १९५७ साली टॉप्स कंपनीने ८० कार्डे काढली. बॉस्टनच्या संघाला १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे मिळवून देणाऱ्या बिल रसेलचे पहिले कार्ड त्यांतले. १९६१ साली फ्लीअर कंपनीची ६६ कार्डे आली आणि तिनेही हात आखडता घेतला. त्यानंतर १९६९ पर्यंत बाजारात नियमित मालिका म्हणून नाही. कारण सरळ होते. कार्डे खपत नव्हती. ज्या वर्षांत हा खेळ आपल्या थोर खेळाडूंनी गाजत होता, त्याच वर्षांत त्यांची चित्रे छापणे व्यापाऱ्याला परवडत नव्हते.

त्या काळाचे एक उदाहरण रेडिओच्या श्रोत्यांना मुद्दाम सांगण्याजोगे आहे. २ मार्च १९६२ रोजी चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या हर्शी या गावी विल्ट चेंबरलेन नावाच्या खेळाडूने एकाच सामन्यात १०० गुण मिळवले. तो विक्रम आजवर मोडला गेलेला नाही. परंतु त्या सामन्याचे चलच्चित्र कोठेही नाही. सामन्याच्या शेवटच्या चौथ्या भागाचे रेडिओवरील धावते वर्णन तेवढे आज ऐकता येते, आणि तेही एका विद्यार्थ्याने ते आपल्या यंत्रावर हौसेने मुद्रित करून घेतले म्हणून. फ्लीअरच्या त्या ६६ कार्डांत याच हंगामातला चेंबरलेन आहे. म्हणजे ज्या घटनेचे जतन मोठ्यांनी केले नाही, तिच्या खुणा एका विद्यार्थ्याच्या फितीवर आणि काही मुलांच्या पत्र्याच्या डब्यांत राहिल्या.

आता या दूरदेशीच्या कार्डांचा आमच्या राजाजीनगराशी काय संबंध, असे आपण विचाराल. बंगळूरच्या वायव्येकडील ही वस्ती स्वातंत्र्यानंतर उद्योगांचे उपनगर म्हणून वाढली आणि तिला राजगोपालाचारींचे नाव मिळाले. चंदनाच्या साबणाच्या कारखान्याचा सुगंध जिच्या वाऱ्यावर येतो, अशी ही कामगार-कारागिरांची वस्ती. किर्लोस्करांचा विजेच्या यंत्रांचा कारखाना १९४६ साली बंगळुरात निघाला, तो इथून जवळच. त्यामुळे या भागात मराठी बोलणारी घरेही आली आणि कानडी शेजारात मुरली. बास्केटबॉल तर दक्षिणेला परका नव्हताच. मद्रासच्या वाय. एम. सी. ए. ने १९२० साली शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले; तिथून शिकून गेलेल्या शिक्षकांनी हा खेळ देशभर शाळांच्या अंगणात नेला.

आमच्या शेजारी असेच एक मराठी गृहस्थ राहतात. रस्त्यातली मुले त्यांना ‘अंकल’ म्हणतात, मी ‘काका’ म्हणतो. विजेच्या यंत्रांच्या एका कारखान्यात त्यांचे आयुष्य गेले, आणि तरुणपणी कारखान्याच्या संघातून ते बास्केटबॉल खेळत. त्यांचा मामेभाऊ १९६९ साली शिकण्यासाठी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात गेला. त्याच वर्षी टॉप्स कंपनीने पुन्हा धाडस करून ९९ कार्डांची मालिका काढली. खेळाडू उंच, म्हणून कार्डेही उंच: रुंदी अडीच इंच आणि लांबी जवळजवळ पावणेपाच इंच. नेहमीच्या खोक्यात ती मावेनात, म्हणून मुलांनी नाके मुरडली. परंतु लांबट लिफाफ्यात मात्र ती बेताची बसत. मामेभाऊ प्रत्येक पत्रात दोनतीन कार्डे घालू लागला. अशी साठएक कार्डे काकांकडे जमली.

त्यांतले २५ क्रमांकाचे कार्ड ते प्रथम दाखवतात. त्यावर नाव आहे ल्यू अल्सिंडर. हाच खेळाडू १९७१ साली करीम अब्दुल-जब्बार झाला आणि पुढे त्याच नावाने जगाला माहीत झाला. पुढच्या काळातल्या कार्डांवर नवे नाव आहे. ज्याला या खेळाची गोडी आहे, त्याला हे एक कार्ड हातात घेतले की कळते, माणसाचे नाव, धर्म आणि देशाचे वातावरण त्या काही वर्षांत कसे बदलत होते. कार्डाच्या पाठीवर उंची, वजन, महाविद्यालय आणि गुणांचे आकडे असतात. इंग्रजी वाचण्याचा सराव आपण या पाठींवर केला, असे काका सांगतात.

कार्डांचा विषय निघाला की पाहुण्याचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: याची किंमत किती? हा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही, कारण त्यातून एक चमत्कारिक नियम उमजतो. फ्लीअरने १९८६ साली १३२ कार्डांची मालिका काढली, तीत ५७ व्या क्रमांकावर मायकेल जॉर्डन होता. त्या वेळी ती पुडकी दुकानांत पडून राहिली. पुढे जॉर्डनचे नाव झाले आणि त्या कार्डाला सोन्याचा भाव आला. ते पाहून पुढच्या पाचसात वर्षांत लोकांनी नवी कार्डे खोकी भरभरून घेतली, हात न लावता प्लास्टिकमध्ये घालून ठेवली. कारखान्यांनीही ती अफाट छापली. आज त्या काळच्या बहुतेक कार्डांना कोणी विचारीत नाही. जे सर्वांनीच जपले, ते कुणालाच दुर्मिळ नाही. दुर्मिळता छापखान्यात तयार होत नाही. ती घरोघरच्या केरसुणीने तयार होते.

पैसा आला की त्याचे विकारही येतात. जॉर्डनच्या त्या कार्डाच्या नकला निघाल्या. कार्डाच्या कोपऱ्यांना, कडांना, चित्राच्या मध्याला गुण देणाऱ्या संस्था निघाल्या. पैकीच्या पैकी दहा गुण मिळालेले जॉर्डनचे कार्ड २०२१ च्या जानेवारीत ७,३८,००० डॉलरला गेले, आणि थोड्याच महिन्यांत तशाच कार्डाचा भाव पुष्कळ खाली आला. असे कार्ड कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद असते. ते हातात धरून कोणी कोणाला दाखवीत नाही. काकांच्या कार्डांना त्या परीक्षेत फारसे गुण मिळणार नाहीत. कोपरे गोल झाले आहेत, एकावर पत्राची शाई उतरली आहे. बाजाराच्या दृष्टीने हे दोष आहेत. माझ्या दृष्टीने तो त्या कार्डांचा प्रवास आहे.

आपल्याकडे असे काही नव्हते असे मात्र समजू नये. काडेपेट्यांचे छाप जमवून त्यांवर डाव मांडणारी पिढी महाराष्ट्रात होऊन गेली. १९८७ साली क्रिकेटचा विश्वचषक भारतात आणि पाकिस्तानात झाला, त्या सुमारास बंगळूरच्याच एका कंपनीच्या ‘बिग फन’ नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डे मिळत. कार्डावर धावा किंवा बळी छापलेले असत; त्यांची ठरावीक बेरीज झाली की बक्षीस मिळे. मुंबई-पुण्याच्या किती मुलांनी त्यापायी गाल दुखेपर्यंत गम चघळला असेल! परंतु बक्षीस हवे तर कार्डे परत द्यावी लागत. त्यामुळे सर्वांत उत्साही संग्राहकांच्या हाती अखेर कार्ड उरलेच नाही. जी उरली ती आळशांची आणि विसराळूंची. त्यांची आज कोठे नीट यादी नाही, कोणत्या मालिकेत किती होती हे खात्रीने सांगणारी वही नाही.

या ठिकाणी मला जेफरसन बर्डिक या माणसाची गोष्ट सांगितली पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे विजेचे सामान बनवणाऱ्या कारखान्यात तो सुटे भाग जुळवण्याचे काम करी. लग्न नाही, पैसा नाही आणि संधिवाताने हाताची बोटे आखडलेली. त्याने तीन लाखांहून अधिक छापील कार्डे व तसलेच कागद जमवले. परंतु त्याचे मोठेपण संख्येत नाही. कोणते कार्ड कोणत्या कंपनीचे, कोणत्या मालिकेतले, याची वर्गवारी करून त्याने १९३९ साली सूची प्रसिद्ध केली. तिच्यातील खुणा संग्राहक आजही वापरतात. पुढे सारा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला देऊन टाकला, आणि तिथेच एका टेबलाशी बसून त्या दुखऱ्या हातांनी कार्डे वह्यांत लावण्याचे काम वर्षानुवर्षे केले. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचे कार्ड लागले. मार्चमध्ये तो वारला. आज त्या वह्या विद्वान मंडळी उघडतात.

आमच्या काकांपुढे हाच प्रश्न उभा आहे. त्यांचे बैठे घर पाडून तिथे मजले चढायचे आहेत. नव्या जागेत खोल्या कमी. मुलगा व्यवहारी आहे आणि त्याचे म्हणणे चुकीचे नाही: “बाबा, विकायची तर आता विका, तुमच्यामागे मला यातले काही कळणार नाही.” काका गप्प बसले. मला मात्र त्या वाक्यातील शेवटचे चार शब्द महत्त्वाचे वाटले. ‘यातले काही कळणार नाही.’ संग्रह नष्ट होतो तो द्वेषाने नव्हे, की दारिद्र्यानेही नव्हे; तो न कळण्याने होतो. जमवणाऱ्याच्या डोक्यात असते तोवर ती मालिका असते, तो गेला की ती रद्दी होते.

म्हणून आम्ही दोघांनी पावसाळ्याच्या संध्याकाळी बसून एक साधी रेघांची वही केली. कार्डाचा क्रमांक, खेळाडूचे नाव, संघ, छापल्याचे वर्ष, आणि शेवटच्या रकान्यात ते कोणत्या पत्राबरोबर, कोणत्या तारखेला आले. मामेभावाचे लिफाफे काकांनी ठेवले होते, ते त्या त्या कार्डाशी जोडले. वही मराठीत आहे. बाजूला कानडी जाणणाऱ्या सुनेने कानडीत नावे लिहिली आहेत. संग्रह विकायचा की कोणाला द्यायचा, हे अद्याप ठरलेले नाही. ते ठरवण्याचा अधिकार काकांचा आणि त्यांच्या घरच्यांचा आहे. परंतु मुलाने वही चाळली तेव्हा त्याने एक कार्ड काढून त्याची पाठ वाचली, आणि मग त्या तारखेचे पत्र मागितले. एवढे घडले, हे मी पाहिले.

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर असा एखादा डबा असेल. त्यात कार्डे असतील, छाप असतील, जुन्या सामन्यांची तिकिटे असतील. त्याची किंमत काय हे विचारण्याआधी एक वही आणि एक पेन्सिल घ्या, आणि डब्यात काय आहे, ते कोणी आणले, केव्हा आणले, एवढे लिहून ठेवा. ज्याला आठवते तो अजून घरात आहे, तोवरच हे काम होण्यासारखे आहे. या पावसाळ्यात बाहेर पडणे कठीणच असते. त्याचा एवढा उपयोग करून घ्यावा, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.