क्रुसाची वाट : पायांनीं करावयाची प्रार्थना



सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या देवालयाच्या भिंतींवर क्रुसाच्या वाटेचीं चौदा नवीं चित्रें लागलीं आहेत. चित्रें सुंदर आहेत व दात्यांचे आम्ही ऋणी आहों. परंतु ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणें ह्या भक्तीस चित्र अवश्य नाहीं. अवश्य आहेत ते चौदा क्रूस, आणि एका स्थानाकडून दुसऱ्या स्थानाकडे चालणें.

कारण ही मुळांत यात्रा आहे. प्रभूनें ज्या मार्गानें क्रूस वाहिला, त्या यरुशलेमांतील मार्गानें चालावें, अशी भाविकांची प्राचीन काळापासून आस होती. पण सर्वांनाच तेथें जाणें कोठून साधावें? १३४२ सालीं पोप सहावे क्लेमेंट ह्यांनीं तेथील पवित्र स्थळांची राखण फ्रान्सिस्कन बंधूंकडे सोंपविली; आणि पुढें त्यांच्याच संघानें ती वाट दूरदूरच्या देवालयांत नेली. १७३१ सालीं पोप बारावे क्लेमेंट ह्यांनीं स्थानांची संख्या चौदा अशी निश्चित केली. त्याच संघाचे संत लिओनार्द ह्यांनीं इटलींत पांचशेंहून अधिक ठिकाणीं ही वाट स्थापिली. १७५० सालीं रोमच्या कोलोसियमांतही स्थापिली.

आतां आम्हीं आमचा दोष कबूल करितों. समुदायांत प्रार्थना चालविणारा चालला तरी पुरें, ही सवलत आहे. तिचा आधार घेऊन उपासकाळाच्या शुक्रवारीं आम्हीं ही वाट घाईनें उरकली.

गेल्या उपासकाळांत एका अंथरुणास खिळलेल्या वृद्ध मातेला आम्ही पवित्र ख्रिस्तशरीर देण्यास गेलों. ती म्हणाली, "फादर, माझे पाय गेले, आतां माझी वाट कोण चालणार?" आम्ही निरुत्तर झालों. घरीं परततांना नियम आठवला : ज्यास चालवत नाहीं, त्यानें पाव तास प्रभूच्या दुःखसहनाचें वाचन व मनन करावें, म्हणजे त्याची यात्रा घडते. दुसऱ्या दिवशीं जाऊन आम्हीं तिला तें सांगितलें, व तिच्या उशाशीं बसून तो पाव तास तिच्यासह घालविला.

प्रभु तीनदां पडला, असें ही वाट सांगते. शुभवर्तमानांत तें लिहिलेलें नाहीं. तरी पडून उठणाऱ्यांचीच ही वाट आहे. म्हणून ज्यांचे पाय धड आहेत, त्यांनीं येत्या शुक्रवारीं बाकावरून उठावें, चौदा स्थानें चालावीं, आणि देवालयाबाहेर पडल्यावर ज्याचे पाय गेले आहेत अशा एखाद्या शेजाऱ्याच्या दारापर्यंत चालत जावें. प्रभु आपणां सर्वांस तें बळ देवो. आमेन.