संगणकाची वाढ आणि कार्यप्रणालीचे स्थित्यंतर



इस्लापूर परिसरातून जाणारा मुदखेड–आदिलाबाद लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता. या शतकाच्या पहिल्या दशकात तो रुंद झाला आणि मोठे डबे या भागात येऊ लागले. जुने डबे मोडके होते असे नव्हे. त्यांना मार्गच उरला नाही. संगणकाच्या कार्यप्रणालीचेही असेच घडत आले आहे.

यंत्राचे सर्व भाग चालविणारी मूळ आज्ञावली म्हणजे कार्यप्रणाली. १९८१ साली आलेल्या डॉसवरील कामांना ६४० किलोबाइट स्मृतीची मर्यादा असे. विंडोज ९५ या प्रणालीस किमान ४ मेगाबाइट, २००१ च्या विंडोज एक्सपीस ६४ मेगाबाइट, तर २०२१ च्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट स्मृती आवश्यक ठरली. म्हणजे २६ वर्षांत ही गरज सुमारे एक हजारपट वाढली.

ही वाढ निव्वळ उधळपट्टी नव्हे. डॉसच्या काळी देवनागरीसाठी अनेकदा संगणकात वेगळे जिस्ट कार्ड बसवावे लागे. यंत्राची शक्ती वाढली, तेव्हा युनिकोडच्या आधारे मराठी लिपी कार्यप्रणालीतच सामावली गेली. परंतु याची दुसरी बाजूही आहे. नवी छपाईयंत्रे व नव्या आज्ञावल्या हळूहळू नव्या प्रणालीसाठीच तयार होतात आणि जुनीची सुरक्षा-दुरुस्ती थांबते. एक्सपीची ती ८ एप्रिल २०१४ रोजी, तर विंडोज १० ची सर्वसाधारण दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्थाही लागत असल्याने अनेक धडधाकट संगणक तिच्या कक्षेबाहेर राहतात.

अशा वेळी ग्रामपंचायतीने व शाळेने प्रथम दप्तर सांभाळावे. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेले ठराव व गुणपत्रके, तो टंक नसलेल्या संगणकावर केवळ निरर्थक चिन्हे होऊन दिसतात. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे, प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहावा आणि प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. त्यानंतरही यंत्र लगेच भंगारात काढू नये. सी-डॅकची बॉस किंवा अन्य हलकी लिनक्स प्रणाली त्यावर चालते का, याची परीक्षा घ्यावी. विद्यार्थ्यांच्या सरावासाठी असे यंत्र उपयोगी पडू शकते. नवी खरेदी करताना मात्र किमान अटींवर समाधान मानू नये. पुढील वाढीस वाव ठेवावा.

यंत्रे बदलतील, प्रणालीही बदलतील. गावाचे दप्तर मात्र पुढील पिढीस वाचता आले पाहिजे. ही जबाबदारी यंत्राची नसून ते वापरणाऱ्यांची आहे.