औषधाचं नाव कॉम्प्युटरला कोण सांगतं?

(मंडळाच्या आरोग्य मेळाव्यात दिलेले भाषण, अंकासाठी थोडे संक्षिप्त करून)



कमिटीने मला विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, ‘हॉस्पिटलच्या फार्मसी सिस्टिममध्ये औषधांच्या फाइली कशा तयार होतात.’ फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग पलीकडून अगदी नम्र आवाजात प्रश्न आला, ‘ताई, मधुमेहावर नाही का बोलता येणार?’ मधुमेहही येईल, पण माझ्या वाटेने येईल. तेवढा धीर धरावा ही विनंती.

मी पुण्यात बी. फार्म. केलं, इथे अमेरिकेत येऊन लायसन्स घेतलं आणि काही वर्षं काउंटरमागे उभी राहून गोळ्या मोजल्या. आता बरीच वर्षं गोळीला हातही लागत नाही. मी फार्मासिस्टच आहे, पण माझं दुकान कॉम्प्युटरच्या आत आहे. डॉक्टर पडद्यावर औषधाचं नाव निवडतात. ते नाव तिथे कुणीतरी घालून ठेवलेलं असतं. ते ‘कुणीतरी’ म्हणजे मी आणि माझे सहकारी.

आता आपल्या कुणाच्याही घरचा फ्रीज डोळ्यांपुढे आणा. त्यात श्रीखंडाचा एक डबा असतो. आत श्रीखंडच आहे अशी हमी इथे कुणी देईल का? कालची मटकीची उसळ असेल, नाहीतर चिरलेली कोथिंबीर. घरातल्या माणसांना ते ठाऊक असतं, पाहुण्याला नसतं. हॉस्पिटलचा कॉम्प्युटर हा असा कायमचा पाहुणा आहे. तो डबा उघडून वास घेत नाही, फक्त लेबल वाचतो. लेबलवर जे लिहिलंय ते खरं धरून पुढची सगळी कामं करतो.

हे लेबल म्हणजे औषधाची फाइल. साधी पॅरासिटामॉलची गोळी घेऊ. तिला इथे म्हणतात ॲसिटामिनोफेन. फाइलीत आधी हे मूळ नाव, मग टायलेनॉलसारखी बाजारातली नावं. मग ताकद: ३२५ मिलिग्रॅम की ५००? मग रूप: गोळी, सिरप की शिरेतून द्यायचं इंजेक्शन? मग एनडीसी, म्हणजे राष्ट्रीय औषध क्रमांक. हा दहा आकडी नंबर तीन तुकड्यांत असतो: पहिला कंपनीचा, दुसरा औषधाचा आणि ताकदीचा, तिसरा पॅकिंगचा. म्हणजे तीच ५०० ची गोळी तीन कंपन्यांची आली की तीन नंबर. बिलासाठी हाच नंबर अकरा आकडी लागतो, तेव्हा एक शून्य नेमक्या जागी घालायचं. शून्याचा शोध आपल्याकडे लागला असं आपण अभिमानाने सांगतो, पण ते कुठे घालायचं यावर माझे कितीतरी दिवस गेले आहेत.

एवढ्यावर संपत नाही. चोवीस तासांत जास्तीत जास्त किती द्यायचं? मोठ्या माणसाला या गोळीची नेहमीची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. दुसऱ्या एखाद्या मिश्रणातूनही हेच औषध पोटात जात असेल तर तेही मोजलं गेलं पाहिजे. वॉर्डातल्या कुठल्या कपाटात, कुठल्या खणात ठेवायचं? बारकोड कोणता? अशा पन्नासएक चौकटी भरल्या की एका गोळीची फाइल झाली. जो फाइल भरतो तो ती तपासत नाही, दुसरा तपासतो. त्यानंतर टेस्ट सिस्टिममध्ये आमचा एक खोटा पेशंट आहे, त्याच्यावर प्रयोग. बिचारा कधी दोन महिन्यांचा असतो, कधी नव्वद वर्षांचा, आणि जगातल्या प्रत्येक औषधाची त्याला ॲलर्जी असते. डॉक्टरच्या पडद्यापासून लेबल, कपाट, नर्सचा स्कॅनर आणि बिलापर्यंत सगळं जुळलं की मगच ते औषध तुमच्या-माझ्यासाठी सुरू होतं.

यातली एकेक चौकट किती मोलाची असते पाहा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदा देतात. तेच रोज घेतलं गेलं तर जीवावर बेततं. म्हणून आमच्या फाइलीत त्या गोळीपुढे ‘आठवड्यातून एकदा’ हेच आपोआप येतं. रोज द्यायची असेल तर डॉक्टरला मुद्दाम बदलावं लागतं आणि कारण द्यावं लागतं. या एका चौकटीने कुणाचे प्राण वाचले हे कधीच कळणार नाही. आमच्या कामाला टाळ्या नसतात त्या यामुळेच.

चौकट उलटली तर काय होतं, तेही सांगते. ही हकीकत डॉ. रॉबर्ट वॉक्टर यांनी ‘द डिजिटल डॉक्टर’ या २०१५ च्या पुस्तकात तपशीलवार दिली आहे. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १६ वर्षांचा एक मुलगा ॲडमिट होता. वजन ३८.६ किलो. त्याला एका वेळी सेप्ट्राची एक गोळी द्यायची होती. हे औषध आपल्याला सेप्ट्रान म्हणून माहीत आहे. ४० किलोंच्या आतल्या मुलांचा डोस वजनावर लिहायचा, असा तिथला नियम. डॉक्टरने किलोमागे ५ मिलिग्रॅम लिहिलं, हिशोब आला १९३. गोळी मिळते १६० ची. म्हणून फार्मासिस्टने ‘१६० करून पुन्हा लिहा’ असा निरोप धाडला. डॉक्टरने १६० लिहिलं. पण शेजारच्या चौकटीत ‘मिलिग्रॅम’ नव्हतं, ‘किलोमागे मिलिग्रॅम’ होतं. कॉम्प्युटरने इमानेइतबारे १६० ला ३८.६ ने गुणलं आणि एका गोळीच्या साडेअडतीस गोळ्या केल्या!

कॉम्प्युटरने धोक्याची सूचना दिली होती. पण दिवसभर ऊठसूट सूचना येत असल्या की ‘लांडगा आला रे आला’सारखी गत होते. ती बाजूला सारली गेली. फार्मसीतल्या यंत्राने गोळ्या भरल्या. नर्सला शंका आली, पण तिने बारकोड स्कॅन केला आणि यंत्र म्हणालं, बरोबर, साडेअडतीसच. मुलाने त्या सगळ्या घेतल्या आणि त्याला मोठी फिट आली. सुदैवाने तो वाचला. यात डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स कुणीच बेफिकीर नव्हतं. प्रत्येकाने कॉम्प्युटरवर भरवसा ठेवला, आणि कॉम्प्युटरने चौकटीवर.

बरं, फाइल एकदा केली की झालं, असंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाच्या पुरात उत्तर कॅरोलिनातला सलाइनचा एक मोठा कारखाना बंद पडला आणि देशभर पिशव्यांचा तुटवडा झाला. मग परदेशातून पिशव्या आल्या. पाणी तेच, मीठ तेच, पण लेबल वेगळं आणि बारकोड आमच्या सिस्टिमला अनोळखी. प्रत्येकीची नवी नोंद करा, नर्सेसना कळवा, पुन्हा टेस्ट करा.

परदेशातून आलेली अनोळखी वस्तू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं, ते मला कळलं. आई-बाबांची बॅग! लोणचं, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आणि सहा महिन्यांची औषधं. आजच्या बोलण्याचा खरा मुद्दा इथे आहे. ती औषधं आमच्या फाइलींना ओळखू येत नाहीत.

कधी नाव वेगळं असतं. पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन, दम्याचं साल्ब्युटामॉल इथे अल्ब्युटेरॉल, मधुमेहाचं ग्लिबेनक्लामाइड इथे ग्लायब्युराइड. बाबा तिकडची क्रोसिन घेतात आणि सर्दीला वर इथलं नायक्विल. त्यातही तेच औषध आहे, हे नावावरून कळणार कसं?

कधी ते औषध या देशात नसतंच. मधुमेहाची ग्लिक्लाझाइड आणि विल्डाग्लिप्टिन भारतात किती घरांत आहेत! अमेरिकेत त्यांना मंजुरीच नाही. रक्त पातळ करणारं ॲसिट्रॉमही इथे विकलं जात नाही, इथे वॉरफरिन देतात.

आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, लेकाकडे राहायला आलेल्या. हृदयाची झडप बदललेली, लघवीला इन्फेक्शन, ताप. घरच्यांनी सांगितलं, ‘हार्टची एक गोळी घेतात, ॲसिट्रॉम.’ यादीत ते नाव सापडेना, तेव्हा कुणीतरी ते मोकळ्या चौकटीत टाइप केलं. इन्फेक्शनसाठी निवडलं गेलं तेच सेप्ट्रान जातीचं औषध. हे दोन एकत्र गेले तर रक्त नको इतकं पातळ होऊन आत रक्तस्राव होऊ शकतो. वॉरफरिन असतं तर पडद्यावर लाल सूचना आली असती. पण टाइप केलेला शब्द कॉम्प्युटरसाठी नुसती अक्षरं असतात. तो गप्प बसला. वॉर्डातल्या फार्मासिस्टने मला फोन केला, ‘हे काय असतं गं?’ सूनबाईंच्या पर्समध्ये पट्टी होती. तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं: ॲसेनोकुमॅरॉल. अँटिबायोटिक बदललं, आजी बऱ्या होऊन घरी गेल्या. त्यानंतर आम्ही ‘इथे मिळत नाही, पण पेशंट घेतो’ अशा औषधांच्या नोंदी केल्या. ज्यांना धोक्याच्या सूचना जोडता आल्या त्यांना जोडल्या, बाकीच्यांपुढे ‘फार्मासिस्टला विचारा’ असा शेरा टाकला. पण असं प्रत्येक हॉस्पिटलात असेलच असं धरून चालू नका.

आता इन्सुलिन. भारतात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली बाटली अजून मिळते आणि तिची सिरिंजही वेगळी असते. इथली नेहमीची बाटली १०० युनिटची. इथली बाटली विकत घेतली आणि तिकडच्या ४० च्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत भरली, तर पोटात जातात ५० युनिट, म्हणजे अडीचपट! साखर इतकी खाली जाईल की माणूस बेशुद्ध पडेल. बाटली आणि सिरिंज, दोन्ही एकाच देशाच्या एकाच मापाच्या हव्यात. (मधुमेह आला बरं का, कमिटी!)

आणि आपली बोलायची पद्धत? ‘थायरॉइडची शंभरची, बीपीची पन्नासची.’ शंभर काय? थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, बीपीची मिलिग्रॅममध्ये. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. साडेअडतीस गोळ्यांची गोष्ट आठवा.

तर मंडळी, जी फाइल मी हॉस्पिटलात करते, तीच तुम्ही घरी एका कागदावर करा. आई-बाबांसाठी आणि स्वतःसाठीसुद्धा.

प्रत्येक औषधाचं पट्टीवर बारीक अक्षरात असलेलं मूळ नाव लिहा, ब्रँडचं नाव त्यानंतर. ताकद आकडा आणि माप दोन्हींसकट. कधी घेतात: सकाळी, रात्री की आठवड्यातून एकदा. कशासाठी घेतात. वजन किलोत. चूर्णं, काढे, आयुर्वेदिक गोळ्याही लिहा, ‘ते काही औषध नाही’ म्हणून गाळू नका. ॲलर्जी असेल तर औषधाचं नाव आणि नेमकं काय झालं ते: अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले की नुसतं मळमळलं? यात फार फरक आहे. भारतात केमिस्ट पट्टी कापून देतो आणि नाव अर्धं त्याच्याकडे राहतं, म्हणून पूर्ण पट्टी मागा आणि तिचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. गोळ्या सोलून स्टीलच्या डबीत एकत्र करू नका. कागदाची एक प्रत पर्समध्ये, एक फोनमध्ये. आणि यादी करताना शंका आली म्हणून आपल्या मनाने औषध बंद करू नका, डॉक्टरला किंवा फार्मासिस्टला विचारा.

शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. हॉस्पिटलात तुमची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरताना एक प्रश्न बेधडक विचारा: ‘हे औषध, ही ॲलर्जी तुम्ही यादीतून निवडलीत की टाइप केलीत?’ ‘टाइप केली’ असं उत्तर आलं तर म्हणा, ‘कृपा करून फार्मासिस्टला बोलवा.’ यात उद्धटपणा नाही. आपण डॉक्टरसमोर उगाच संकोचतो. विचारलेलं आम्हाला आवडतं, खरंच.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे हिशोबाच्या वहीची पूजा करतात. यंदा त्या वहीशेजारी हा कागदही ठेवा. नवीन औषध सुरू झालं, जुनं बंद झालं की त्याच दिवशी त्यात दुरुस्ती करा, तारीख घाला. कॉम्प्युटरला जे सांगितलं जातं तेवढंच त्याला कळतं. आपल्या माणसांबद्दल त्याला सांगायचं काम आपलंच आहे.

आपणा सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. ही दिवाळी आणि येणारं वर्ष आरोग्याचं जावो.