लग्नकार्याची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे आणि भाषणाची मला सवय नाही. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "घरच्या आणि गल्लीतल्या इतक्या लग्नांत तुम्ही कोठी सांभाळली आहे, त्यावरच चार शब्द बोला." म्हणून उभी राहिले आहे. कोठीघरात बसलेल्या बाईला मांडवातली शोभा कमी दिसते, पण काय उरले, काय कमी पडले आणि कोण उपाशी राहिले हे तिच्या नजरेतून सुटत नाही. तेवढेच मी सांगणार आहे.

"घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून" ही म्हण आपण सगळ्याच म्हणतो. कार्य अवघड आहे, एवढाच तिचा अर्थ आपण घेतो. माझे म्हणणे असे की अवघड असलेले काम वहीत उतरवले की निम्मे सोपे होते. दोनशे पानी एक वही आणा आणि लग्न ठरल्या दिवसापासून त्यात लिहीत जा.

वहीच्या पहिल्या पानावर मंगल कार्यालयाचे नाव लिहू नका, बस्त्याचेही लिहू नका. पहिल्या पानावर पैसा लिहा. घरात रोख किती, कापूस-सोयाबीनचे किती येतील, व्याही किती उचलणार. त्या बेरजेतून दहावा हिस्सा ऐनवेळेसाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात लग्न बसवा. आपल्याकडे नेमके उलटे होते. आधी "अमक्याच्या मुलीचे कसे झाले" हे पाहिले जाते आणि पैसा मागाहून शोधला जातो. भगिनींनो, आपल्या भागात बहुतेक लग्ने वैशाखात होतात आणि लगेच मृगाची पेरणी येते. बियाण्याचे आणि खताचे पैसे मांडवात गेले, की जूनमध्ये घरधनी सावकाराच्या दारी उभा राहतो. माझ्या ओळखीच्या एका घरात थोरलीच्या लग्नासाठी रस्त्याकडेची एक एकर जमीन विकली. लग्न थाटात झाले. पण पुढच्या वर्षी धाकटीची शाळा दहावीवर थांबली, कारण परभणीला जाण्या-येण्याचा आणि कॉलेजचा खर्च झेपेना. थोरलीच्या लग्नात काय वाजले ते आज कोणाला आठवत नाही. धाकटीला मात्र आपली शाळा आठवते.

याहून कठीण गोष्टही घडलेली आहे. २०१७ साली शेजारच्या लातूर जिल्ह्यात एका शेतकऱ्याच्या तरण्या मुलीने, आपल्या लग्नाचा बोजा बापावर नको म्हणून, जीव दिला. ती बातमी वाचून आपण हळहळलो आणि पुढच्या आठवड्यात लग्नाला गेल्यावर "जेवणात दोनच गोड होते" असे बोललो. ते बोलणे मुलीच्या बापाच्या कानावर जाते, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसऱ्या पानावर तिथी. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की लग्नतिथी सुरू होतात. मार्गशीर्षात किंवा माघात कार्य धरले तर सोयाबीनचा पैसा हातात आलेला असतो, कापूस विकला जात असतो आणि हवा थंड असते. वैशाखातच धरायचे तर शुद्ध चतुर्दशी टाळा. त्या दिवशी आपल्या नृसिंहाची जयंती असते. गावात गर्दी असते, गाडी मिळत नाही आणि पाहुण्यांची सोय कोणी करायची हा प्रश्न पडतो. पोराबाळांच्या परीक्षा कधी आहेत, हेही पंचांगाबरोबर पाहावे.

तिसऱ्या पानावर माणसे. गावाच्या नावाने यादी करू नका, घराच्या नावाने करा आणि प्रत्येक घरापुढे आकडा लिहा. एका पानाला दीडशे रुपये धरले तर हजार माणसांचे दीड लाख होतात आणि सहाशेंचे नव्वद हजार. मधल्या साठ हजारांत मुलीच्या नावाने ठेव होते किंवा दोन शेळ्या येऊन वर पैसे उरतात. ज्यांचे नाव आपल्याला यादी पाहूनही आठवत नाही, त्यांना बोलावले नाही तर त्यांनाही वाईट वाटत नाही.

आता माझ्या कोठीकडे येते. शंभर माणसांना साधा तांदूळ आठ किलो, तूरडाळ तीन किलो, पुरीची कणीक दहा किलो, वांगी-बटाटा मिळून बारा किलो आणि बुंदीला बेसन चार किलो, एवढे माझ्या अनुभवात पुरते. मठ्ठा वेगळा. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे आठ जार शंभर माणसांमागे लागतात, हात धुण्याचे पाणी निराळे. आपल्याकडे ऊन किती तापते हे सांगायला नको. म्हणून वैशाखात खव्याचे आणि बासुंदीसारखे दुधाचे पदार्थ करू नयेत. बुंदी टिकते आणि पोटाला त्रास देत नाही. एकदम सगळा भात शिजवू नका. यादीच्या निम्मा शिजवा, पंगत पाहून पुढचा टाका. तांदूळ पोत्यात उरला तर घरी येतो, पण भात उरला तर उकिरड्यावर जातो.

वेळेबद्दल एक शब्द. पत्रिकेत मुहूर्त साडेबाराचा असतो आणि अक्षता पडतात अडीच वाजता. मधल्या वेळात काय चालते? परण्या मारुतीपासून हलत नाही, डीजे थांबत नाही. मग मांडवात टॉवेल-टोपीचे सत्कार सुरू होतात आणि ज्याचे नाव राहिले तो रुसतो. तेवढ्यात म्हाताऱ्यांना चक्कर येते, साखरेच्या आजाराची माणसे कासावीस होतात आणि लेकरे रडतात. सत्कार अजिबात नको, असे दोन्ही व्याह्यांनी साखरपुड्यातच ठरवावे. परण्या एक तास आधी काढावा. रात्री दहानंतर भोंगा वाजवण्यास कायद्याने बंदी आहे, हेही वरातीच्या मुलांना आधीच सांगून ठेवावे.

मानपानाच्या साड्यांचे तर काय सांगावे! तुमच्या घरची साडी माझ्याकडे येते, माझ्याकडून जाऊबाईंच्या माहेरी जाते, तिथून तिसऱ्या लग्नात जाते. तिची घडी मोडत नाही, पण पैसे प्रत्येक घरचे मोडतात. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असे छापावे आणि छापल्यावर तसे वागावे.

वहीची शेवटची पाने कागदपत्रांची. मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण आहे ना, हे शाळेच्या दाखल्यावर पाहूनच सोयरिकीला पुढे जावे. लग्न झाल्यावर नव्वद दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करावी. वयाचे पुरावे, लग्नपत्रिका, फोटो आणि तीन साक्षीदार तयार ठेवावेत. हुंडा देणे आणि घेणे दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. पण १९८५ च्या नियमांप्रमाणे वधूवरांना मिळालेल्या भेटवस्तूंची लेखी यादी करून तिच्यावर सही करायची असते, हे फार थोड्या घरांत माहीत आहे. ती यादी मुलीने आपल्याजवळ जपून ठेवावी. पुढे वाईट दिवस आले तर तो कागद तिच्या कामाला येतो. मी म्हणते ती वही अशी कायद्यालाही मान्य आहे!

साधेपणाने केलेले लग्न उणे असते काय? २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक पद्धतीने पहिले लग्न लागले, त्यात हुंडा नव्हता आणि थाटही नव्हता. सावित्रीबाई फुल्यांनी त्यात पुढाकार घेतला होता. दीडशे वर्षे झाली तरी त्या लग्नाची आठवण आपण काढतो. गाडगेबाबा कीर्तनात कळवळून सांगत, की कर्ज काढून लग्न करू नका. आणि आपल्याच डोळ्यांदेखत कोरोनाची दोन वर्षे गेली. २०२० साली लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच परवानगी होती, मोडल्यास पन्नास हजार दंड. तेव्हा अंगणात लागलेल्या लग्नांची जोडपी आज सुखाने नांदत आहेत. सरकारने सांगितले तेव्हा जे जमले, ते आपल्या मनाने का जमू नये?

आता कोणी म्हणेल, मावशी, सगळेच काढून टाकले तर लग्नाची मौज ती काय राहिली? मौज राहते. हळदीच्या दिवशी जाते मांडा आणि म्हाताऱ्या बायांना ओव्या म्हणू द्या. गावात त्या येणाऱ्या किती उरल्या आहेत ते मोजा, मग त्याचे मोल कळेल. एखाद्या नातीला त्या ओव्या वहीत उतरवून घ्यायला बसवा. फोटोवाल्याला नावांची यादी द्या. आजी, आत्या, आजारी मामा, ज्यांना स्टेजवर चढवत नाही, त्यांच्याजवळ वधूवरांनी जाऊन फोटो काढावा. एका घरी आजी गेल्यावर भिंतीवर लावायला जो फोटो मिळाला, तो नातीच्या लग्नातला होता. आणि वाढणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायांची पंगत चार वाजता सगळे संपल्यावर न बसवता दुसऱ्या पंगतीला बसवावी आणि पुरुष मंडळींनी वाढावे. एवढे झाले तरी त्या लग्नाचे नाव वर्षभर निघेल.

बारसे, डोहाळजेवण, वास्तुशांत, कोणाची साठी, सगळ्यांना हीच रीत लागू पडते. पैसा, तिथी, माणसे, कोठी, कागद, एवढी पाच पाने क्रमाने भरावीत.

शेवटी मंडळाकडे तीन मागण्या करते. एक, पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून मोठी पातेली, झारे, परात आणि दोनशे ताटे घ्यावीत आणि सभासदांना नाममात्र भाड्याने द्यावीत. दोन, ज्या घरी कार्य झाले त्या घरची वही, खाजगी पाने काढून, मंडळाच्या कपाटात ठेवावी, म्हणजे पुढच्या बाईला खरा हिशेब पाहायला मिळेल. तीन, लग्न ठरलेल्या घरी मंडळाच्या दोन वडीलधाऱ्या बायांनी जाऊन गोडीने बोलावे. सामूहिक आणि नोंदणी विवाहासाठी सरकारी अनुदान मिळू शकते, त्याची चौकशी महिला व बालविकास कार्यालयात करून ती माहितीही त्यांनी घरी पोहोचवावी. बचत गटाचे कर्ज शेळीला, शिलाई मशीनला, मुलीच्या फीला असावे. ते डीजेला जाऊ नये, असा ठराव आपणच करायचा आहे.

माझ्या मुलीचे लग्न दोन वर्षांनी निघेल. पहिले पान मी आत्ताच लिहून ठेवले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी दुपारी घरी यावे, चहा मिळेल.