उमेदवारीचे वर्ष



मराठी विषय घेऊन एम.ए. झालेल्या आणि शाळा सुटल्यापासून जीवशास्त्राचे पुस्तक न उघडलेल्या बाईने लहान मुलांच्या शस्त्रक्रियांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटत असेल. मलाही ते वाटते. परंतु अनुवादकाचे असेच असते. जे पुस्तक हाती येईल त्याच्या घरी त्याला काही महिने पाहुणा म्हणून राहावे लागते. बालशल्यचिकित्सेवरील या पुस्तकाच्या घरी राहत असताना मी एका शब्दापाशी अडले. तो शब्द म्हणजे ‘फेलोशिप’.

परिभाषाकोशात त्याला ‘अधिछात्रवृत्ती’ असा प्रतिशब्द आहे. विद्यापीठाच्या पत्रव्यवहारात तो शोभतोही. पण तो ऐकताच मनात येते ती दरमहा मिळणारी रक्कम. माझ्यापुढील प्रकरणातली हकीकत निराळी होती. अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट आणि नर्स प्रॅक्टिशनर असे दोन प्रकारचे व्यावसायिक आहेत. ते डॉक्टर नसतात, पण रुग्ण तपासण्याचा, चाचण्या सांगण्याचा आणि औषध लिहून देण्याचा परवाना त्यांना असतो. यांपैकी काही जण परवाना हाती आल्यावर, पूर्ण पगाराची नोकरी समोर असताना, आणखी एक वर्ष कमी वेतनावर लहान मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात शिकण्यासाठी राहतात. तसे करावे अशी कायद्याची सक्ती नाही. बहुसंख्य लोक थेट कामावर रुजू होऊनच शिकतात. मग हे वर्ष कशासाठी?

आपल्याकडे छापखान्यात किंवा सुताराच्या कारखान्यात मुलगा लागला म्हणजे ‘उमेदवारी करतो आहे’ असे म्हणत. अलीकडे तो शब्द निवडणुकीने पळविला. मला मात्र या वर्षासाठी तोच हवासा वाटला. तो का, ते सांगण्यासाठी मी आज उभी आहे.

प्रथम या दोन व्यवसायांची जन्मकथा थोडक्यात सांगते. दोन्ही १९६५ सालचे. नॉर्थ कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय सेवा केलेल्या चार जणांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा पहिला वर्ग काढला. १९६७ साली त्यांतले तिघे उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी, म्हणजे १९६५ सालीच, कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने परिचारिकांना मुलांची स्वतंत्र तपासणी शिकविण्यास आरंभ केला. नर्स प्रॅक्टिशनर ही मंडळी, बघा, मुलांच्या दवाखान्यातच जन्मली. पुढे १९७१ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माँटेफिओरे रुग्णालयाने फिजिशियन असिस्टंटांसाठी शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर प्रशिक्षण सुरू केले. उमेदवारीच्या वर्षाची कल्पना तेथून पसरली.

या दोघांच्या वाटा भिन्न आहेत, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण सव्वादोन वर्षांच्या आसपासचे आणि सर्वसाधारण. त्यात त्याने शस्त्रक्रिया पाहिलेल्या असतात, पण बहुतेक प्रौढांच्या. मुले त्याच्या वाट्याला आलेली असतात ती काही आठवड्यांपुरती. बालरुग्णांची नर्स प्रॅक्टिशनर मुलाला आतून-बाहेरून ओळखते, त्याच्या रडण्याचे प्रकार तिला कळतात, पण शस्त्रक्रियेच्या टेबलाशी हात धुऊन उभे राहण्याचा सराव तिला असतोच असे नाही. एकाला मूल शिकावयाचे असते, दुसरीला टाका. एकाच विभागात, एकाच वर्षात, दोघांची उणीव भरून काढावयाची आणि तीही कोणाच्या मुलाला इजा न होऊ देता. सर्वसाधारण शल्यचिकित्सेची पाच वर्षे झाल्यावरही सर्जनला बालशल्यचिकित्सेसाठी तेथे आणखी दोन वर्षे द्यावी लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे एक वर्ष हे काही फार नव्हे हे कळेल.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, असे बालरोगतज्ज्ञ नेहमी सांगतात. मला त्याचा अर्थ आकड्यांनी कळला. तीन किलो वजनाच्या नवजात बाळाच्या अंगात रक्त असते सुमारे २५० मिलिलिटर. आपल्या घरातील चहाच्या दोन कपांत ते मावेल. त्यातले २५ मिलिलिटर, म्हणजे पाच चमचे गेले की दहावा हिस्सा गेला. मोठ्या माणसाच्या शस्त्रक्रियेत जे रक्त टिपून बोळा टाकून देतात, तेवढे येथे मोजावे लागते. सलाईनचा थेंब, औषधाचा अंश, खोलीची ऊब, सारे वजनाच्या हिशेबाने. हा हिशेब पुस्तकातून पाठ करता येतो. पण पहाटे चार वाजता, आई शेजारी उभी असताना, तो हातून न चुकता होणे ही सवयीची गोष्ट आहे.

आता उलटीविषयी बोलते. सभेत बोलण्याचा हा विषय नव्हे, पण बालशल्यचिकित्सेत उलटीच्या रंगाइतके महत्त्वाचे दुसरे काही क्वचितच असेल. तीन ते सहा आठवड्यांचे बाळ दूध प्याल्याबरोबर फेकल्यासारखी उलटी करते, उलटी पांढरी असते आणि बाळ लगेच पुन्हा भुकेने रडते. पुष्कळदा जठराच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद झालेली असते. जर्मन सर्जन रामश्टेट यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया आजही त्यावर करतात. पण येथे घाई करावयाची नसते. उलट्यांनी शरीरातले क्षार बिघडलेले असतात. ते सलाईनने ताळ्यावर आणल्याशिवाय भूल देणे धोक्याचे. म्हणून कधी एखादा दिवसही थांबतात, आणि आईबाप ‘हे लोक काहीच का करीत नाहीत’ म्हणून व्याकूळ होतात.

उलटी हिरवी असली तर मात्र घड्याळ सुरू झाले असे समजावे. नवजात बाळाला हिरवी, पित्ताची उलटी झाली की आतड्याला पीळ पडला नाही ना, ही शंका पहिली. जन्मतः आतडे आपल्या जागी नीट बसलेले नसेल तर ते आपल्याच रक्तवाहिनीभोवती वळते आणि काही तासांत काळे पडू शकते. बोस्टनचे विल्यम लॅड यांनी १९३६ साली ते उलगडण्याची जी शस्त्रक्रिया वर्णिली ती त्यांच्याच नावाने चालते. पीळ उलगडतात तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. सर्जन मंडळी म्हणतात, काळ मागे फिरवावयाचा. अनुवाद करताना या वाक्यापाशी मी बराच वेळ लेखणी खाली ठेवून बसले होते.

त्याला कारण होते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पाच दिवसांचा असताना आम्ही त्याला एका मोठ्या रुग्णालयात नेले होते. रात्रीचे डॉक्टर त्या आठवड्यातच त्या विभागात आले होते. ‘पोट बिघडले असेल, सकाळी बघू’ असे म्हणाले. त्या रात्री वॉर्डात एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी बाळाचे दुपटे दिव्याखाली धरले, डाग पाहिला आणि मला हलकेच विचारले, “असाच रंग होता का पहिल्यापासून?” मी हो म्हणाले. त्यांना कळले होते. पण क्ष-किरण चित्र काढावयास सांगण्याचा, सर्जनला परस्पर बोलावण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्या दोनदा जाऊन डॉक्टरांना सांगून आल्या, तिसऱ्यांदा जवळजवळ भांडल्या. पहाटे शस्त्रक्रिया झाली. मुलगा वाचला, आतड्याचा थोडा भाग गेला. आज तो कॉलेजात जातो. मधल्या त्या तासांचा हिशेब मात्र आमच्या घरात अजून कोणी मोठ्याने मांडत नाही. त्या तरुण डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांनाही कोणी शिकविले नव्हते. जाणणारी व्यक्ती आणि अधिकार असलेली व्यक्ती एकाच खोलीत होत्या, पण त्या दोन व्यक्ती होत्या.

उमेदवारीचे हे वर्ष त्या दोन व्यक्तींची एक व्यक्ती करू पाहते, असे मी समजते. अमेरिकेतही शल्यचिकित्सा शिकणारे डॉक्टर बालविभागात एखाददुसरा महिना राहून पुढे जातात. शिवाय जुलै २००३ पासून त्यांच्या कामाचे तास सरासरीने आठवड्याला ८० या मर्यादेत आणले गेले, आणि ते योग्यच झाले. झोपेने पेंगणाऱ्या हातात सुरी कोणी द्यावी? पण मग विभागात सतत राहणारे कोण? जानेवारीत कोणत्या बाळाला कोणती नळी घातली हे जूनमध्ये कोणाला आठवेल? ती जागा या लोकांनी भरली.

वर्षभरात साधारणपणे त्यांना वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग, नवजात अर्भकांचा अतिदक्षता कक्ष, अपघात आणि भाजलेल्या मुलांचा विभाग, आणि शस्त्रक्रियागृह येथे पाळीपाळीने ठेवतात. सुरुवातीस प्रत्येक निर्णय सर्जनला विचारून, मग करून सांगावयाचा, मग काही बाबतींत फक्त नोंदवावयाचा. सगळेच काही थरारक नसते. बेंबीचा फुगवटा बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बसतो, जांघेतला मात्र बसत नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते. हे आजीला पटवून देणे हेही त्यांचेच काम. आणि ती आजी आपल्या आज्यांहून वेगळी नसावी. बेंबीवर नाणे बांधण्याचा उपाय पुष्कळ देशांत ठाऊक आहे.

एक उदाहरण मला फार आवडले. ज्या मुलाला तोंडाने अन्न घेता येत नाही त्याच्या पोटावर छिद्र करून जठरात नळी बसवितात. रात्री अंगरख्यात अडकून ती निघते. जुने छिद्र असेल तर ते काही तासांतच आक्रसते, म्हणून आईने लगेच नळी आत सरकवावी हे बरे. पण शस्त्रक्रियेला थोडेच आठवडे झाले असतील तर तीच नळी जठराऐवजी पोटाच्या पोकळीत जाऊ शकते; मग हात लावावयाचा नाही, थेट रुग्णालयात यावयाचे. फोन आला की नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला प्रश्न असतो, “किती दिवस झाले?” बहुधा तिला तोही विचारावा लागत नाही. नळी घातली तेव्हा ती तेथे होती.

हाताने शिकलेल्या विद्येला नाव आणि हक्क नसले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण याच क्षेत्रात आहे. व्हिव्हियन टॉमस हा नॅशव्हिलमधला कृष्णवर्णीय तरुण. बापाकडून सुतारकाम शिकलेला, डॉक्टर होण्यासाठी पैसे साठवीत होता. मंदीत बँक बुडाली आणि पैसे गेले. १९३० साली तो डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि १९४१ साली त्यांच्याबरोबर जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आला. जन्मजात हृदयदोषाने निळ्या पडणाऱ्या मुलांसाठी हेलन टॉसिग या बालहृदयरोगतज्ज्ञ उपाय शोधीत होत्या. ती शस्त्रक्रिया कुत्र्यांवर बसविली टॉमसने. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या मुलीवर ती प्रथम झाली, तेव्हा तो ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभा राहून टाके कसे घालावेत ते सांगत होता. ती मुलगी पुढे काही महिन्यांनी गेली, पण शस्त्रक्रिया टिकली. १९४५ सालच्या प्रबंधावर नावे ब्लेलॉक आणि टॉसिग यांचीच होती. टॉमसच्या हाताखाली सर्जनांची एक पिढी तयार झाली. विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९७६ साली.

नावाचा तंटा अजून मिटलेला नाही. अमेरिकेतील फिजिशियन असिस्टंटांच्या संघटनेने २०२१ साली ‘असिस्टंट’ सोडून ‘असोसिएट’ हा शब्द घेतला. ब्रिटनमध्ये ‘असोसिएट’ म्हणत असत. तेथे २०२५ सालच्या लेंग अहवालाने ‘असिस्टंट’ म्हणावे अशी शिफारस केली, कारण समोरचा माणूस डॉक्टर आहे की नाही हे रुग्णांना कळत नव्हते. रुग्णाची ती तक्रार मला रास्त वाटते. मुलाच्या पोटाला कोण हात लावतो आहे हे आईला माहीत असलेच पाहिजे. आपल्याकडे डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ साली मद्रासेत हृदयशस्त्रक्रियेच्या विभागासाठी असे साहाय्यक तयार करण्यास सुरुवात केली, आणि २०२१ सालच्या संलग्न आरोग्यव्यवसायांच्या कायद्यात या व्यवसायाला स्थान मिळाले. मी मराठीत ‘वैद्यक-साहाय्यक’ लिहिले आहे. ‘सहयोगी’ अधिक गोड वाटतो, पण तो खरे पुरते सांगत नाही.

‘उमेदवारी’ या शब्दावर मुद्रिते तपासणाऱ्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले होते आणि समासात ‘अधिछात्रवृत्ती?’ असे लिहिले होते. मी ते खोडले आणि खाली लिहिले : ‘मूळ शब्द कायम ठेवावा.’