मोती, मोहरा आणि खुर्दा

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंदहून आणि पलीकडून उदगीर-निलंग्याहून आलेल्या माझ्या रसिक बंधुभगिनींनो,

सीमाभागातल्या संमेलनाच्या अध्यक्षाने सीमाप्रश्नावर बोलावं, अशी इथे रीत आहे. मला मात्र आज युद्धावरच्या कादंबरीतल्या माणसांविषयी बोलायचं आहे. आपल्या मातीने युद्ध फार जवळून पाहिलंय.

उदगीर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होतं. १७६०च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी तिथे निजामाला नमवलं आणि त्या विजयाच्या उमेदीवर ते उत्तरेकडे निघाले. पुढे १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर काय झालं, ते आपण जाणतो. नानासाहेब पेशव्यांना ती बातमी वाटेत सावकारी सांकेतिक पत्रातून कळली. मोती दोन गळाले होते, मोहरा सत्तावीस गेल्या होत्या. रुपये आणि खुर्दा किती गेला, त्याची मोजदादच नव्हती. मेलेल्या माणसांची इतकी उघड प्रतवारी मी दुसरीकडे वाचलेली नाही. भाऊ आणि नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव हे मोती. खुर्दा म्हणजे तुमचे-माझे पूर्वज.

विश्वास पाटलांच्या १९८८च्या 'पानिपत'ने भाऊंना आपल्या घराघरांत आणलं, हे ऋण मोठं आहे. तरी पानिपतचं काही वाचलं की माझं मन शिलेदार आणि बारगिरापाशी घोटाळतं. बारगिराचा घोडा सरकारचा. तो पडला तर सरकार दुसरा देणार. शिलेदाराचा घोडा पदरचा. तो पडला की त्याची रोजी बुडाली. मग हल्ल्याचा हुकूम सुटला आणि शिलेदाराचा हात लगामावर क्षणभर अडखळला, तर त्याला भित्रा म्हणायचं का? त्या अडखळलेल्या हातात त्याचं घरदार आहे, पोरंबाळं आहेत. मला वाटतं, युद्धाच्या कादंबरीने त्या हातापाशी थांबायला हवं. शौर्य माणसाच्या छातीत असतं तसं त्याच्या ऐपतीतही असतं.

आता १९४८, आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता तेव्हाचं. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या दहशतीत ज्यांचे सोलापूर-बार्शीला नातलग होते, असे बरेच मालक लोक रातोरात बैलगाड्या जुंपून हद्दीपलीकडे गेले. सालगडी मागे राहिला, कारण गुरांना पाणी दाखवायला कुणीतरी हवं. माझे आजोबा असेच मागे राहिलेले सालगडी. जाताना मालकांनी वाड्याची किल्ली त्यांच्या हाती दिली. आजोबांनी ती करदोड्याला बांधली. पाऊस लागून राहिलेला, गोठा गळत होता आणि अख्खा वाडा रिकामा. तरी आजोबा एक रात्रही ओसरीवर टेकले नाहीत. किल्ली कमरेला लावून गोठ्यात, बैलांच्या दावणीशी निजायचे. रझाकारांची भीती होतीच. पण मालक गावात नसतानाही मालकाच्या ओसरीची जी भीती होती, ती अजून कुठल्या कादंबरीत मला भेटलेली नाही.

१३ सप्टेंबरला पोलीस अ‍ॅक्शन झाली, भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत निजामी संपली. त्यानंतर फासे मुसलमानांवर उलटले. हेही या व्यासपीठावरून बोललं पाहिजे. त्या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. ज्याच्या नावाने राज्य चालत होतं, तो निजाम पुढे राजप्रमुख झाला. सूड ज्यांच्यावर उगवला गेला, त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरात निजामाच्या नाण्याखेरीज निजामाचं काहीच नव्हतं.

आमच्या गावात एक पिंजारी होता. पोलीस अ‍ॅक्शननंतर तो घरी परतला नाही. मालक मात्र सोलापूरहून परतले. त्यांनी किल्ली मागून घेतली, कुलूप उघडलं आणि आजोबांना नेहमीचं काम सांगितलं. आजी हे सगळं सांगायची आणि दर वेळी एकाच जागी थांबायची. त्या हिवाळ्यात गावात एकाही घरी गादी पिंजली गेली नाही. पिंजाऱ्याची धनुकली त्याच्या बायकोने भिंतीवरून काढलीच नाही, आणि आजीने आपली जुनी, गठळ्या झालेली गादी उन्हात घालून हाताने मोकळी केली.